ठोके किती वाजता ऐकले?

सांगलीच्या ग्राहक आयोगात वकिली करताना सर्वांत जड फाइली असतात बाळंतपणाच्या. गेल्या दोन महिन्यांत याच विषयावर बरीच पत्रं आली. त्यातली चार घेते. नावगाव ओळखू येईल असं सगळं काढलं आहे.

प्रश्न : सुनेला गरोदरपणात शुगर होती. बाळ चार किलोच्या वर भरलं. डोकं आलं नि खांदा अडकला. नर्सबाईंनी वरून पोट दाबलं, डॉक्टरांनी ओढून काढलं. तेव्हापासून नातीचा उजवा हात लुळा आहे. दोन महिने झाले. मसाज करा म्हणतात. केस करावी का? (एक आजी, तासगाव तालुका)

आजी, केसला दोन वर्षं आहेत, हाताला तेवढी नाहीत. मानेतून हाताकडे जाणाऱ्या शिरा, म्हणजे मज्जातंतू, ताणल्या की असं होतं. बऱ्याच मुलांचा हात काही महिन्यांत सुधारतो, पण तीन महिन्यांची होऊनही नात कोपर वाकवत नसेल तर शिरांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला दाखवायलाच हवं. तेल लावून रगडण्याऐवजी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या.

आता चूक कुणाची, ते. खांदा अडकणं ही कुणाची चूक नव्हे, सगळं नीट करूनही कधी शिरा ताणल्या जातात. मात्र अडकल्यावर काय करायचं ते ठरलेलं आहे : आईच्या मांड्या पोटाकडे दुमडायच्या, ओटीपोटाच्या हाडावर, म्हणजे खालच्या बाजूला दाब द्यायचा. वरून पोट दाबायचं नाही, डोकं धरून ओढायचं नाही. वरच्या दाबाने खांदा आणखी घट्ट रुततो. शिवाय आईला शुगर होती, म्हणजे बाळ मोठं असू शकतं हे आधीच ठाऊक होतं. शेवटच्या सोनोग्राफीत वजन किती धरलं होतं? सिझरबद्दल तुमच्याशी कुणी बोललं होतं का? डोकं किती वाजता आलं, अंग किती वाजता, मध्ये काय काय केलं, हे केसपेपरवर आहे का? ही उत्तरं हातात आली की केसचं बोलू.

प्रश्न : मुलगा वीस महिन्यांचा आहे, अजून बसत नाही. बाळंतपणात रात्री दहाला कळा वाढवायचं सलाईन लावलं. पहाटे चारला बाळ झालं, रडलंच नाही. मिरजेला न्यायला सकाळचे अकरा वाजले. दवाखाना खाजगी आहे. फाइल मागितली तर ‘मिळणार नाही’ म्हणतात. (एक वडील, जत)

आजच लेखी अर्ज द्या. दोन प्रती करा, एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. जपून ठेवायचे ते उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं. आणि आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षं, म्हणजे तुमच्या हाती चार महिने आहेत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही. मुलं, स्त्रिया आणि अपंग व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्न बघत नाहीत.

फाइल आली की पहिल्यांदा ठोक्यांचा तक्ता काढा. कळा ऐन जोरात असताना बाळाचे ठोके निदान अर्ध्या तासाला आणि आई जोर लावू लागली की दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात. सलाईनमधलं ते औषध जास्त झालं तर कळा एकीवर एक येतात, बाळाला मध्ये दम घ्यायला फुरसत मिळत नाही. अशा वेळी ठोके उतरू लागले की सलाईन बंद करायचं असतं.

एक फाइल मी विसरू शकत नाही. रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत, दर अर्ध्या तासाला १४०. अकरा ओळी, एकच पेन, अक्षर जराही हललेलं नाही. पोटातल्या बाळाचे ठोके कधी ११५ असतात, कधी १५०. पाच तास काट्यासारखे १४० वर उभे राहत नाहीत. बाळ जन्मलं तेव्हाची नोंद होती, ‘रडले नाही, ठोके ५०’. मी आयोगापुढे ते पान नुसतं वर धरलं.

तुमच्या फाइलीत आणखी दोन गोष्टी बघा. पाचव्या आणि दहाव्या मिनिटाचा अपगार स्कोअर (जन्मल्यावर बाळाची स्थिती सांगणारे गुण), आणि पाठवणीची वेळ. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचा मेंदू वाचवायला शरीर थंड ठेवण्याचा उपचार आहे, तो सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो. तुमचे सात तास झाले होते. पण एक सांगून ठेवते : मूल उशिरा बसतंय याचं मूळ दर वेळी बाळंतपणातच असतं असं नाही. एमआरआय आणि मिरजेचे सुरुवातीच्या दिवसांचे कागद बालमेंदूतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय मी तक्रार लिहीत नाही.

प्रश्न : माझा रक्तगट निगेटिव्ह. बाळ पहिल्याच संध्याकाळी पिवळं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं, ‘कोवळं ऊन दाखवा’ म्हणाले. पाचव्या दिवशी दूध ओढेना. आता मुलीला ऐकू येत नाही. सासरचे म्हणतात, तुझंच लक्ष नव्हतं. (एक आई, विटा)

तुमचं लक्ष होतं, म्हणून तर पिवळेपणा पहिल्या संध्याकाळी दिसला. चोवीस तासांच्या आत आलेली कावीळ नेहमीची समजायची नसते, त्याच दिवशी रक्त तपासायचं. आई निगेटिव्ह असेल तर बाळाचा गट आणि कूम्ब्स टेस्ट (आईच्या रक्तामुळे बाळाच्या रक्तपेशी फुटताहेत का ते बघणारी तपासणी) जन्मतःच. उपचार निळ्या दिव्याखाली, फार वाढली तर रक्त बदलून, कारण वाढलेली कावीळ ऐकणं हिरावू शकते. खिडकीतलं ऊन हा उपचार नव्हे, पण आपल्याकडे आज्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तेच सांगतात. डिस्चार्ज कार्डावर ऊन लिहिलं आहे का? असेल तर कार्ड लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून मूळ प्रत जपा. मुलीची बेरा (ऐकण्याची) तपासणी झाली नसेल तर आधी ती करा. आणि सासरच्यांना हे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : मी नर्स आहे. रात्री दोघीजणी आठ बायका सांभाळतो. सकाळी सांगतात, तक्ते पुरे करून टाका. काही झालं तर पोलीस आम्हालाच धरतील का? (मिरज)

डॉक्टरांच्या हलगर्जीपणाबद्दलच्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं की फौजदारीसाठी साधी चूक पुरत नाही, ढळढळीत बेपर्वाई लागते, आणि तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं. तेव्हा रात्रीच्या धावपळीत राहून गेलेली नोंद तुम्हाला फारशी अडचणीत आणणार नाही. सकाळी रचलेली नोंद आणील. ठोके ऐकले नसतील तर ती ओळ मोकळी सोडा. नंतर आठवून लिहिलंत तर ‘उशिरा नोंद, सकाळी ६.१०’ असं लिहून सही करा. डॉक्टरांना फोन केलात तर वेळ टाका. उचलला नसेल तर तेही लिहा, पुन्हा केलात तर दुसरी वेळ. आणि दोघींवर आठ बायका होत्या हे ड्यूटी रजिस्टरमध्ये त्याच रात्री लिहून ठेवा.