डोंगर सोडून मासा काढू नकोस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, चित्रंही मिळाली. ती ओटीवर भिंतीला टेकवून ठेवलीत आणि येता-जाता बघतोय. खडस, म्हणजे आपला महसीर मासा, झकास उतरलाय. बाजूच्या रेषेवरचे जेमतेम 25-27 मोठाले खवले, जाड ओठ, मिशांच्या दोन जोड्या, सगळं जागच्या जागी. कल्ल्यामागचा तो सोनेरी रंग मासा ओल्या हातात धरून पाहिल्याशिवाय सापडत नाही. पाण्याबाहेर तो बघता बघता विटतो. तेव्हा हात बरा आहे का वगैरे मला विचारू नकोस, तुला ते ठाऊक आहे.

तुझा घोळ वेगळा आहे. डोहावरच्या डोंगराचं रान माघात तोडलं, फाल्गुनात त्यावर वणवा फिरला, आणि आता तुला वाटतंय की अशात मासे रंगवत बसणं ही चैन झाली. रंग गुंडाळावेत आणि चळवळीत जावं.

जा की. कोण अडवतंय? पण रंग कशाला गुंडाळायचे? तुझी अडचण मला चित्रांतच दिसते आहे. सगळे मासे कोऱ्या कागदावर. पाणी नाही, काठ नाही, वरचा डोंगर तर नाहीच. डोंगर काढ, बाई. एवढंच सांगायला हे पत्र लिहितोय, बाकीचं सगळं त्याच्याच मागून येईल.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये खडसचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्या काळी शास्त्रासाठी मासा असाच कोऱ्या कागदावर काढत. त्यांना खवले आणि परांचे काटे मोजायचे होते, ते त्यांनी चोख मोजले. आज पुण्यात पुलावर उभी राहा आणि खाली बघ. मासा कागदावर नीट नोंदला गेला, नदी कुणी नोंदलीच नाही. तुला काटे मोजायचे नाहीत ना? मग तो कोरा कागद कशाला मिरवतेस?

गळ टाकणाऱ्याला तर हे शिकवायलाच नको. तू डोहावर कुठे बसतेस? उंबराखाली. का बसतेस? पिकलेलं उंबर पाण्यात पडलं की डुबुक आवाज होतो आणि तळातून सावली वर सरकते. म्हणून तूही गळाला उंबरच लावतेस. जांभूळ गळायला लागलं की जांभूळ. म्हणजे मासा त्या झाडाखाली जेवायला येतो हे तुझ्या बोटांना माहीत आहे, आणि चित्रात मात्र झाड नाही! याचा मला राग येतो.

तोडीचंही तू पत्रात अर्धंच लिहिलंस. नुसती तोड झाली असती तर ऐन-किंजळीच्या बुंध्यांना पावसाळ्यात फुटवे आले असते. चार-पाच वर्षांत डोंगर पुन्हा झाकला असता. कोकणात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. पण मालकाने रान उक्तं दिलं, व्यापाऱ्याने लाकूड नेलं आणि शिरी-फांद्या जागेवरच टाकल्या. त्या दोन महिन्यांत कडकडीत वाळल्या. मग कुणी नवं गवत चांगलं यावं म्हणून काडी लावली, की शिकारीसाठी, की विडीचं थोटूक पडलं, काही का असेना. नुसत्या गवताचा वणवा खालून पळत जातो, मोठी झाडं वाचतात. वाळक्या फांद्यांचा वणवा ठाण मांडून बसतो आणि बुंधे मुळापर्यंत भाजून काढतो. मग फुटवे कुठून येणार?

आता मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की पाणी बघायला जा. आधी राख येईल, काळपट, वर फेस धरणारी. तिच्यामागून लाल माती. ती गोट्यांच्या फटींत बसते. खडस अंडी टाकतो ती गोट्यांवर, वाहत्या स्वच्छ पाण्यात. फटी बुजल्या की अंडी गुदमरतात. पुढच्या उन्हाळ्यात डोह हातभर उथळ झालेला असेल, सावली गेल्यामुळे पाणी तापेल, आणि आक्रसलेल्या डोहात कोंडलेल्या माशांवर ब्लीचिंग पावडर टाकून ते मारणारे टपलेले असतातच. हे सगळं चित्रात मावतं. पाण्याचा रंग खरा लावलास की मावतं. त्यासाठी पाटी घेऊन कुठे उभं राहायला नको. डोंगर काढ, पाणी आपोआप खरं होईल.

मला माहीत आहे, माझ्यामागे लोक काय बोलतात ते. डोंगर तुटत होता तेव्हा हा काठावर बसून चित्रं रंगवत होता. होतो. मोर्च्यात माझा आवाज चालत नाही, सभेत मला बोलता येत नाही. पण त्या वाकणावर आधी काय उभं होतं हे गावात आज कुणाला धड सांगता येत नाही. ज्यांनी घोषणा दिल्या त्यांनाही नाही. माझ्या कागदावर ऐन कुठे होता, खैर कुठे होता, कातळाला पाणी कुठपर्यंत टेकत होतं, सगळं आहे. मागे तारीख आहे. एका रिसॉर्टवाल्याने मोठं चित्र सांगितलं होतं. म्हणाला, मागे हिरवंगार रान टाका, गिऱ्हाइकाला बरं वाटतं. मागचा डोंगर तेव्हा भुंडा होता. मी भुंडाच काढला, त्याने घेतलं नाही, मी इसार परत केला. घरात बोलणी खाल्ली. आजही तो मागायला आला तरी भुंडाच काढीन. हट्ट म्हण हवं तर. खंत एकच आहे, माझ्याआधी असा हट्टी या नदीवर कुणी झाला नाही. असता तर आजोबांच्या वेळचा डोह मला बघता आला असता.

आणि फक्त जळकं काढत बसू नकोस, तेही सोपंच असतं. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, तिथे जा. वरदायिनी देवीचे मासे म्हणून कुणी गळ टाकत नाही. तूही गळ घरी ठेव. कुरमुरे टाकलेस की हातभर लांबीचे खडस तोंडं उघडून वर येतात. दिवसभर बस. मग बघ, काठावरचं रान काढल्याशिवाय तो मासा कागदावर बसतो का.

आता कामाचं. कागद 300 जीएसएमचा घे, पातळ कागद आपल्या हवेत वाकतो. तोडीच्या परवान्याची प्रत माहिती अधिकारात माग. 1964 चा झाडतोडीचा कायदा आहे, त्याच्या यादीत ऐन, किंजळ, खैर सगळे येतात, खासगी जागेतलेसुद्धा. परवान्यात किती झाडं आणि कुठली ते बघ आणि डोंगरावर जाऊन बुंधे मोज, फार जळून गेले नसतील तेवढे तरी. अर्ज दोन प्रतींत कर, एकीवर पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नकोस. बुंध्यांची रेखाटनं करशील तेव्हा शेजारी गळाची काठी आडवी ठेव, म्हणजे माप कळेल.

मृगाआधी एकदा येऊन जा. चित्रं परत न्यायची आहेत तुला. त्यांच्या मागे डोंगर काढायला जागा भरपूर आहे.

तुझा,
काका