आपत्ती परिचर्येवर प्रबंध करणार असशील तर

अगं, ‘परिचारिकांचे ज्ञान व दृष्टिकोन’ छाप प्रश्नावली आधी बाजूला ठेव. तसे प्रबंध एम.एस्सी. नर्सिंगच्या कपाटांत ढिगानं पडलेत. त्यापेक्षा कॅज्युअल्टीचं रजिस्टर उघड.

२६ जुलै २००५ चा मुंबईचा पूर घे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. बुडून, दरडीखाली माणसं गेली ती त्या दिवसांत. लेप्टोस्पायरोसिसचे (दूषित पाण्यातून होणाऱ्या जिवाणूसंसर्गाचे) रुग्ण मात्र नंतर आले, कारण संसर्गानंतर लक्षणं दिसायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात. म्हणजे नोंदी पुराच्या आठवड्यापुरत्या पाहशील तर अर्धी आपत्ती नजरेतून सुटेल. ‘पुराच्या पाण्यातून चाललात का?’ हा प्रश्न ट्रायेजला, म्हणजे रुग्ण आल्याआल्या तातडी ठरवताना, किती जणांना विचारला गेला, डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक कुणाला मिळालं, एवढंच शोधलंस तरी पुष्कळ. (आणि रजिस्टरमधलं आमचं अक्षर लावायला महिना धर, चेष्टा नाही.)

नैतिक समितीचं काम आजच सुरू कर. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आपत्तीकाळातल्या संशोधनावर स्वतंत्र विभाग आहे, तो वाच. मदत छावणीतली बाई मदतीच्या आशेनं सही करते. त्या सहीला संमती म्हणायचं का, हे गाइडशी आधी बोलून घे.