ओल्या जळणाचं वजन

प्रश्न : मामा, आमचं गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या अलीकडे. वडिलांनी आमच्याच माळावर लावलेली अकेशिया आता तोडीला आली आहे. मी आणि धाकटा भाऊ मिळून ती तोडून, फोडून विकायची म्हणतोय. कटर भाड्यानं घेतलंय, फोडायचं मात्र कुऱ्हाडीनंच. वखारवाला वजनावर घेतो. वाळवलं तर वजन घटतं, फोडून दिलं तरी भाव तोच. आई म्हणते, ओलं विकू नका, नाव जाईल. मग वाळवायचं कशाला आणि फोडायचं तरी कशाला?

उत्तर : बाळा, तुझा हिशेबही खरा आहे आणि तुझी आईही खरं बोलते. घोटाळा काट्यावर आहे.

ओल्या लाकडात निम्मं पाणी धर. म्हणजे 1000 किलो ओल्या मालात 500 किलो लाकूड आणि 500 किलो पाणी. फोडून उन्हावाऱ्यात नीट वाळवलंस की पाणी एकूण वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर येतं, म्हणजे 500 किलो लाकडाला 125 किलो पाणी. तोच ढीग काट्यावर 625 किलो भरतो. ओल्याला किलोमागं 100 पैसे मिळत असतील तर वाळलेल्याला 160 मिळाले तरच तुझी बरोबरी झाली, आणि त्यात वाळवायचे महिने, जागा, फोडायची मजुरी अजून धरलेलीच नाही. वखारवाला 160 देतो का? देत नसेल तर त्याला फोडून, वाळवून घालू नकोस. ओंडके तसेच ओले घाल आणि मोकळा हो. त्यात लबाडी काही नाही, माल ओला आहे हे त्याला दिसतंय आणि पुढं वाळवायचं काम त्याचं आहे.

पण फोडलेला वाळका माल जो स्वतः जाळतो त्यालाच वीक. पाववाला, लग्नाचा आचारी, हॉटेलची चूल. त्यांना वजनावर देऊच नकोस, ब्रासवर दे. वाळू-खडीमुळं ब्रास सगळ्यांना माहीत आहे : 100 घनफूट. दोन फुटी फाटी कापलीस तर 10 फूट लांब आणि 5 फूट उंच रास म्हणजे एक ब्रास. लाकूड वाळलं तरी रास थोडीच आक्रसते, म्हणून वाळवल्याचा तोटा होत नाही. रास मात्र दाबून रच. आत भोकं ठेवून रचलेली रास गिऱ्हाइकाला पहिल्या खेपेला कळत नाही, दुसऱ्या खेपेला कळते.

मी आधी 22 वर्षं दुसऱ्यांच्या वखारीत जळण फोडलं, मग बेळगावात स्वतःची छोटी वखार घातली. घातली त्याच साली श्रावणात रात्री दहाला दार वाजलं. मागच्या गल्लीतली म्हातारी गेली होती. माझ्याकडं होता तो महिन्याभरापूर्वी तोडलेला आंबा. तोच गाडीत भरून दिला. सकाळी मीही स्मशानात गेलो. सरण पेटेना. पोरानं तुपाचा डबा रिता केला तरी नुसता धूर. शेवटी चारपाच घरांतून चुलीमागचं वाळकं जळण पाठीवर आणलं, तेव्हा जाळ धरला. मला कुणी एक शब्द बोललं नाही. त्या दिवसापासून पत्र्याखाली एक ढीग मी वेगळा राखला, सणाला, लग्नाला, कितीही भाव आला तरी त्याला हात लावला नाही. तुझ्या आईला हेच म्हणायचं असणार.

आता फोडायचं. तोडलंस की आठपंधरा दिवसांत फोड, वाळायची वाट बघू नकोस. ओल्यात धागा सुटतो. नीलगिरी आणि बाभळ वाळली की कुऱ्हाड परत उडते. तोडायची पातळ कुऱ्हाड आणि फोडायची जाड पात्याची, जड, पाचरीसारखी, या दोन वेगळ्या. ओंडक्याचं तोंड आधी बघ, चीर गेलेली असते, घाव तिच्यावरच टाक. जाड ओंडका मधोमध फोडायला जाऊ नकोस, कडेकडेच्या फाकी काढत आत ये. गाठीचा तुकडा बाजूला टाक, तो पाचर आणि घणानं शेवटी. भरात असताना सरळ धाग्याची अकेशिया मी दिवसाला टनभर फोडायचो, गाठाळ बाभळीला तेवढ्यालाच दोन दिवस जायचे. म्हणून सगळ्याला एकच मजुरी धरू नकोस. आठवडाभर वहीत लिही : तोडायला किती तास, फोडायला किती, रचायला, भरायला किती. तू आणि भाऊ घरचेच म्हणून मजुरी सोडून देता, तिथंच हा धंदा बुडतो.

खाली गुडघ्याएवढा ठोकळा घे आणि त्यावर जुना टायर ठेवून आत ओंडका उभा कर, फाकी पायावर उडत नाहीत. दांडा धामणीचा मिळाला तर उत्तम. सैल झालेली कुऱ्हाड पाण्यात भिजवून कामाला काढतात, ती वाळली की परत सैल होते. दांड्यात पाचर ठोक. माझ्याबरोबरच्या एकाच्या नडगीवर निसटलेलं पातं बसलं होतं, तो पुढं कधी नीट चालला नाही.

दिवाळी ते शिमगा तोड, मृगाच्या आधी सगळं पत्र्याखाली. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुला मी सांगायला नको. रास दगडांवर उचलून रच, वाऱ्याला आडवी, वरून झाक पण बाजू उघड्या ठेव. ताडपत्रीत गुंडाळलेलं जळण बुरसतं.

आणि पहिला घाव घालायच्या आधी फॉरेस्ट ऑफिसात जा. जमीन तुमची असली तरी कुठल्या झाडाला परवानगी, कुठल्याला सूट, वाहतुकीला पास लागतो का, हे सगळं तिथून लेखी घे. उतारा बरोबर ने. कागद कन्नडात असतो, वाचणारा माणूस सोबत ने आणि सही करण्याआधी अर्थ विचार. यात लाज कसली? माल चंदगडकडं किंवा गोव्याकडं जाणार असेल तर तेही तिथंच सांग, पलीकडं दुसरं राज्य आहे. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे. तिथली वाळकी फांदीसुद्धा परवानगीशिवाय उचलता येत नाही.

प्रश्न : मी शहापुरात ऑर्डरप्रमाणे मांडे करून देते. जळण वाळलंय असं सांगून आणून टाकतात, पण चूल धुमसते आणि मांडा पांढराच राहतो. घेतानाच कसं ओळखायचं? — एक वाचिका

उत्तर : ताई, मांड्याला निखारा कामाचा नाही. पालथ्या भांड्याच्या पोटाला सगळीकडं सारखा जाळ लागला पाहिजे. त्यासाठी मनगटापेक्षा बारीक फोडलेलं, पक्कं वाळलेलंच हवं. जाड फाटी कितीही चांगली असली तरी नको म्हणा. बारीक फोडायला दुप्पट घाव लागतात, तेवढी मजुरी वर मागितली तर द्या, हात आखडू नका.

ओळखायचं असं : फाटीचं तोंड बघा. वाळलेल्या लाकडाला मधून कडेकडं चिरा गेलेल्या असतात, साल नखानं सुटते. राशीच्या वरच्या थरावर जाऊ नका, तो उन्हात सुकलेला असतोच. मधल्या दोन फाटी ओढून एकमेकींवर आपटा. वाळलेली टणटण वाजते, ओली ढब्ब. शंका राहिली तर गाडीवाल्याच्या हातात कुऱ्हाड द्या आणि एक फाटी तुमच्यासमोर फोडायला सांगा. फुटलेली आतली बाजू गालाला लावून बघा, ओल असेल तर गार लागते. पैसे त्यानंतर.