सियागंजची नोकरी सांभाळून ऑनलाईन एम.एस्सी. फायनान्स करावं का?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही इंदूरच्या सुदामा नगरच्या, मुलगी इथल्याच देवी अहिल्या विद्यापीठाची बी.कॉम., दोन वर्षं झाली सियागंजात एका टॅक्स कन्सल्टंटकडे जीएसटीचं काम करते आणि आता एका ॲपवाल्यांचे रोज फोन येतायत की परदेशी युनिव्हर्सिटीची एम.एस्सी. फायनान्स, दीड वर्ष, घरबसल्या, चार लाख, ईएमआयवर, सीट आज रात्रीच लॉक करा. तिचे बाबा म्हणतात नोकरी सोड, कॅम्पसला जाऊन एमबीए कर, ऑनलाईनला कोण विचारतं. (बायोडाटात एम.एस्सी. आलं की स्थळं चांगली येतील असंही लिहिलंय तुम्ही, ते मी वाचलं आणि सोडून दिलं.)

आधी फोनवाल्याचं उरकू. डिसेंबर २०२३ मधे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जाहीर केलंय की एड-टेक म्हणजे ऑनलाईन शिकवणाऱ्या कंपन्यांशी टायअप करून परदेशी युनिव्हर्सिटीच्या नावाने मिळणाऱ्या ऑनलाईन डिग्र्या इथे मान्य नाहीत. म्हणजे उद्या तिला प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा द्यायची झाली, पीएचडी करायची झाली किंवा सरकारी जागेचा फॉर्म भरायचा झाला तर तो कागद अडकणार. प्रायव्हेट कंपनी कदाचित मानेल, पण कदाचितसाठी चार लाख? आणि तो ईएमआय म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं मुलीच्या नावावरचं लोन असतं, कोर्स मधेच सोडला तरी हप्ते चालूच राहतात आणि चुकले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचं रेकॉर्ड, खराब. फायनान्स शिकायला निघालेल्या पोरीने लोनचाच कागद न वाचता सही करायची, हे काही बरोबर नाही.

बाबांचं म्हणणं मात्र जुनं झालंय. यूजीसीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेल्या युनिव्हर्सिटीची ऑनलाईन डिग्री नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची धरतात, सप्टेंबर २०२२ मधे यूजीसीने हे परत स्पष्टही केलं. फक्त मान्यता सेशनप्रमाणे आणि कोर्सप्रमाणे असते, युनिव्हर्सिटी मोठी आहे म्हणून तिचा प्रत्येक ऑनलाईन कोर्स मान्य असतो असं नाही. यूजीसीच्या डेब म्हणजे डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर जा, ज्या सेशनला ॲडमिशन घ्यायची त्या सेशनच्या यादीत युनिव्हर्सिटी आणि कोर्स दोन्ही दिसले पाहिजेत. आता ॲडमिशनला विद्यार्थ्याचा डेब आयडीही लागतो, तो एबीसी आयडीवरून (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा विद्यार्थ्याचा नंबर) निघतो, स्वतःच काढायचा, एजंटला ओटीपी द्यायचा नाही. अर्ध्या तासाचं काम आहे सगळं.

पण मान्य आहे म्हणून उपयोगाचं आहे का, हे त्या साइटवर नाही कळणार. मुलीला नक्की कुठलं काम करायचंय हे तुमच्या दोन पानी पत्रात एकदाही आलेलं नाही ताई. फायनान्स म्हणजे एक काम नव्हे. शेअर रिसर्चमधे जायचं असेल तर तिथे सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट) जास्त चालतं, त्याच्या तीन लेव्हल आहेत आणि त्या लाईनच्या बऱ्याच जागा मुंबईत. कॅम्पस प्लेसमेंट हवी असेल तर बाबा बरोबर, आपल्याकडे खंडवा रोडलाच विद्यापीठाच्या आयएमएसमधे (इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) फायनान्शियल ॲडमिनिस्ट्रेशनचं एमबीए आहे, मग नोकरी सोडून दोन वर्षं पूर्ण द्या, कारण ऑनलाईनवाले ज्याला प्लेसमेंट असिस्टन्स म्हणतात ते बऱ्याचदा नोकऱ्यांच्या पोर्टलची लिंक निघते.

मला विचाराल तर तिच्या सध्याच्या कामाला लागून असलेली लाईन बँकेच्या क्रेडिटची, म्हणजे कर्ज द्यायचं की नाही हे तपासण्याची आहे. लहान धंद्यांना कॅश क्रेडिट म्हणजे रोजच्या खेळत्या भांडवलाचं कर्ज देताना बँका आता जीएसटी रिटर्न बघतात, नफा-तोटा पत्रकातली विक्री आणि रिटर्नमधली विक्री जुळते का ते तपासतात. तुमची मुलगी महिन्याला असल्या किती फाइली हाताळत असेल. कुठला व्यापारी मार्चमधे बिलं फुगवतो, कोणाचं पेमेंट अडकलंय, हे तिला क्लासमधून आलेल्या पोरांपेक्षा आधी दिसेल. कमी काय आहे तर पुढचं गणित, कॅश फ्लो म्हणजे रोकड कुठून आली नि कुठे गेली ते मांडायचं, हप्ता आणि व्याज भरण्याइतका पैसा धंद्यातून निघतो का हे काढायचं, ज्याला बँकवाले डीएससीआर म्हणतात. त्यासाठी मान्यता असलेलं ऑनलाईन एमबीए फायनान्स किंवा एम.कॉम. पुरेसं आहे, इग्नूचं एमबीए फायनान्शियल मॅनेजमेंटही बघा, पदवीला ५० टक्के असले की जनरलमधून चालतं.

आता वेळ. डिग्रीचा अभ्यास क्रेडिटमधे मोजतात, इग्नू एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरते. डिग्री ८० क्रेडिटची धरली तरी २४०० तास झाले, दोन वर्षांत वाटले तर आठवड्याला २३. आणि तिचा महिना कसा जातो ते मला माहितीये, ११ तारखेला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१, २० ला कर भरायचं रिटर्न ३बी, त्या दहा दिवसांत मुलगी घरी येते तीच डोकं धरून, मार्च आणि जुलैची तर गोष्टच सोडा. घरबसल्या म्हणतात त्यातले तास घरातलेच कोणाचे तरी जाणार. संध्याकाळचा स्वयंपाक तिच्याकडे असेल तर तो कोण बघणार हे फी भरायच्या आधी ठरवा, बाबांना पण बसवा त्या बोलण्यात.

म्हणून लगेच ॲडमिशन नको. स्वयम किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाईन साइटवर कॉर्पोरेट फायनान्सचा १२ आठवड्यांचा कोर्स बघा, शिकायला फुकट, सर्टिफिकेट हवं तरच परीक्षेची फी. त्यात रिटर्नच्या तारखांच्या दोन-तीन फेऱ्या येतीलच, तेव्हा किती लेक्चर सुटतात ते दिसेल. आणि सोबत पीथमपूरला प्लांट असलेल्या फोर्स मोटर्सचे ॲन्युअल रिपोर्ट डाउनलोड करून तीन वर्षांचा कॅश फ्लो स्वतः एक्सेलमधे मांडायचा, नफा दिसतोय तर रोकड कुठे गेली, हे रिपोर्टमधल्या नोट्स वाचून शोधायचं. हे करताना रात्रीचे बारा वाजले आणि कळलं नाही, तर खुशाल घाला पैसे. कंटाळा आला तर चार लाख वाचले.

जुलैचं सेशन गेलं तरी जानेवारीचं असतं. फोनवाल्याला सांगा की युनिव्हर्सिटीचं नाव, सेशन आणि लोन देणाऱ्या कंपनीचं नाव ईमेलवर पाठव, बहुतेक तिथेच फोन थांबतील. आणि पुढचं पत्र मुलीलाच लिहू दे, ती एक्सेल शीट जोडून.