निळी भिंत की पिवळी?

"ताई, हॉल एक, रंग दोन आणि घरात पंधरा दिवस अबोला," असं तू लिहिलंस. डोंबिवलीचा वन बीएचके, हॉलला उत्तरेकडची एकच खिडकी, समोर शेजारच्या इमारतीची भिंत. तुला चारही भिंती गडद निळ्या हव्यात, सासूबाईंना हळदी पिवळ्या. "दर वेळी मीच का ऐकायचं?" असं विचारतेस.

अगं, पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलंयस की त्या दिवसभर तिथेच बसतात आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. मी तिथेच थबकले. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट पडतं आणि निळा प्रकाश अडवतं. तुला जो निळा शांत वाटतो, तो त्यांना काळपट दिसत असणार. त्यात पांढरी भिंत तिच्यावर पडलेला ८० टक्क्यांच्या आसपास उजेड परत फेकते, गडद निळी १० टक्केसुद्धा नाही. तुमच्या हॉलमध्ये मुळात उजेडच कमी. चारही भिंती निळ्या नकोच, या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे.

पण ऑफिसातून दमून आल्यावर डोळ्यांना गारवा हवा, हे तुझं म्हणणंही मला मनापासून पटतं. खिडकीसमोरची, सोफ्यामागची भिंत निळी कर. उजेड थेट तिच्यावर पडतो. खिडकीच्या भिंतीला मात्र गडद रंग अजिबात नको, खिडकीचा उजेड डोळ्यांना खुपतो. बाकीच्या भिंतींचा पिवळा शेड कार्डवर आवडला त्याहून दोन छटा फिकट घ्या. भिंतींचा रंग एकमेकींवर पडून तो आणखी गडद दिसतो. पांढऱ्याशुभ्र ट्यूबखाली तो हिरवट वाटेल, म्हणून ४००० केल्विनचे, म्हणजे त्याहून थोडे उबदार पांढरे, दिवे लावा.

आधी दोन्ही रंगांचे दोन बाय दोन फुटांचे पट्टे, दोन-दोन हात देऊन, भिंतीवर काढून घे. एक दिवस वाळू देत. मग सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून बघा. सासूबाईंच्या खुर्चीत तू बस, तुझ्या जागेवर त्यांना बसव. अबोला तिथेच सुटेल असं मला वाटतं.

माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी आल्या आल्या तिनं विचारलं होतं, "पडदे नवे घेतलेस का गं?" जुनेच होते, निळे. सासूबाईंची पट्टी सुटली की त्यांना त्या निळ्या भिंतीसमोर बसव आणि दुसरी भिंत निळी करायची का, ते त्यांनाच विचार.