‘चौदा नंबर’

प्रश्न : मी सोलापुरातील एका खासगी रुग्णालयात नऊ वर्षे मेडिसिन विभागात डॉक्टर आहे. सकाळचा राऊंड, नंतर ओपीडी आणि दुपारपासून सरकारी योजनेच्या व विम्याच्या फाइली, असा दिवस जातो. आठवड्यातून दोन नाइट असतात. परवा अक्कलकोटकडच्या एका आजींच्या मुलाने ‘आईचं कसं आहे?’ असे विचारले आणि मी सहज ‘चौदा नंबरच ना?’ म्हणून गेले. तो गप्प झाला. पूर्वी अशा आजींशी मी मोडक्या कानडीत दोन शब्द तरी बोलत असे. पगाराची तक्रार नाही, सहकारीही चांगले आहेत. चार दिवस रजा घेतली, तरी फरक पडला नाही. नोकरी सोडावी का?
– एक डॉक्टर, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘चौदा नंबर’ या दोन शब्दांपाशी मी थांबलो. ख्रिस्तिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली ‘बर्नआउट’ (कामाच्या ताणातून येणारा रितेपणा) मोजण्याची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या जातात : भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून काही चांगले घडते आहे ही जाणीव ओसरणे. रजेने शिणवटा उतरतो. परंतु परतल्यावर टेबलावर त्याच फाइली असतील, तर कोरडेपणा तसाच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून न करता कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली. (व्यवस्थापनांना मात्र यावर रविवारचे योगशिबिर हा उपाय फार आवडतो, आणि त्यासाठी डॉक्टरांची उरलीसुरली सुट्टीही जाते.)

अमेरिकेतील एका मोठ्या शैक्षणिक रुग्णालयातील डॉक्टरांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली होती. स्वतःला सर्वांत अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामाला ज्यांचा २० टक्क्यांपेक्षा कमी वेळ मिळत होता, त्यांच्यात बर्नआउटचे प्रमाण ५३.८ टक्के आढळले. इतरांत ते २९.९ टक्के होते. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तरी तुमच्या बाबतीत ते काम कोणते, हे पत्रातच दिसते : खाटेशेजारी उभे राहून आजींशी बोलणे. म्हणून आधी दोन आठवडे फाइलींवर किती तास जातात हे लिहून ठेवा आणि तो कागद घेऊनच वैद्यकीय संचालकांना भेटा. मंजुरीचे अर्ज भरणे, कागद अपलोड करणे ही कामे प्रशिक्षित समन्वयक करू शकतो. तुमची गरज तपासणीला आणि सहीला आहे. नाइटच्या दुसऱ्या दिवशी ओपीडी नको, ही मागणीही त्याच भेटीत करा.

मात्र झोप व भूक बिघडली असेल, घरातल्या गोष्टींतही मन लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर बर्नआउट म्हणून सोडून देऊ नका. ते नैराश्य असू शकते. वेळ न दवडता मनोविकारतज्ज्ञांना भेटा. ओळखीच्या सहकाऱ्याकडे जाण्याचा संकोच वाटत असल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

राजीनाम्याचा निर्णय नाइट संपवून घरी आल्यावर घेऊ नका. तीन महिन्यांनंतरही फाइली तुमच्याच टेबलावर असतील, तर दुसरी नोकरी अवश्य पाहा आणि तिथे पगाराआधी, फाइली कोण भरते, हे विचारून घ्या.