"मला बोलता येत नाही, मी पत्रकार कशी होणार?"

जून उजाडला, प्रवेशांची धावपळ सुरू झाली की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. कधी मुलगा म्हणतो, कधी मुलगी, आणि बऱ्याचदा त्यांच्याआधी आईच बोलून मोकळी होते. यंदाही तिघा-चौघांनी विचारलं, म्हणून दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका मुलीबद्दल लिहितेय. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

निफाड तालुक्यातली मुलगी. घरची कांद्याची शेती, बी.ए. झालेलं, वाचन दांडगं. पत्रकारितेच्या एका प्रवेश मुलाखतीत तिला तिच्या भागातला महत्त्वाचा प्रश्न कोणता, एवढंच विचारलं आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. घरी येऊन म्हणाली, "हे माझं काम नाही."

वडील सोबत आले होते. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणू लागले. त्यांचा प्रश्न सरळ होता, "मॅडम, यात पोट भरतं का?" मी आडपडदा ठेवला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सुरुवातीचा पगार बेताचा असतो, गावोगावचे कितीतरी वार्ताहर नुसत्या मानधनावर काम करतात. म्हणून लिहिण्याच्या जोडीला व्हिडिओ संपादन, भाषांतर, आकडेवारी वाचणं यातलं एक तरी हाताशी हवं. नाना ऐकून बाहेर जाऊन बसले. शंका संपली नव्हती, पण मुलीला बोलू दिलं, हे त्यांचं मोठेपण.

पहिल्या दोन-तीन भेटींत ती बोलायची आणि मी फक्त एक अक्षर मोजायचे. "मला नीटच बोलता आलं पाहिजे." "समोरच्याला मी हुशारच वाटले पाहिजे." "चूक झाली तर संपलंच." तिसऱ्यांदा मी कागदावर मोठा 'च' काढून तिच्यापुढे सरकवला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मी इतकी वर्षं वापरते आहे. इच्छेचा हट्ट झाला की माणूस अडकतो, हे त्यांचं म्हणणं मराठीत जास्त सोपं होतं, असं मला नेहमी वाटतं. आपल्याकडे हट्टाला एक अक्षरच आहे. बोलता आलं तर बरं, ही इच्छा झाली. आलंच पाहिजे म्हटलं की घशाला कोरड पडते.

एलिस स्वतः तरुणपणी भिडस्त होते. 19व्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा महिनाभर सपाटा लावला. 100 जणींशी बोलले, एकीशी भेट ठरली आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. मग मी तिला काम दिलं: सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर जायचं आणि रोज एका अनोळखी माणसाला एक प्रश्न विचारायचा.

पुढच्या भेटीला आली ती पडलेल्या चेहऱ्याने. चौकशीच्या खिडकीपाशी पाऊण तास उभी राहिली आणि तशीच परतली होती. मला वाटलं, मी घाई केली. विषय बदलावा म्हणून घरचं विचारलं, कांदा गेला का?

आणि ती सुरू झाली.

"गेला, पण काल व्यापाऱ्याने वांधा काढला. लिलावात ट्रॉलीचा मागचा फाळका पाडून माल बघितला, भाव बोलले, पावती दिली. त्यांच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी केल्यावर त्यांचा माणूस म्हणतो, खाली बारीक कांदा, गोल्टी निघाली, क्विंटलला दोनशे कमी. नाना गप्प. मी म्हटलं, कुठाय गोल्टी, दाखवा. किती निघाली? वेगळी करून वजन करा. इतरांच्या मालालाही असंच केलं का आज?"

"मग?"

"शंभरावर आले."

मी थोडा वेळ काही बोलले नाही. मग विचारलं, "तिथे किती माणसं होती?"

"असतील पंधरा-वीस."

"सगळे तुझ्याकडे बघत होते?"

"हो."

"भीती?"

ती थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मॅडम, तेव्हा मी कुठे होते? तेव्हा कांदा होता."

इतक्या वर्षांत मी भीतीबद्दल पुष्कळ वाचलं, शिकवलंही, पण इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. सीबीएसवर तिला गाडीची वेळ नको होती. तिथे ती स्वतःलाच बघत उभी होती. खळ्यावर उत्तर हवं होतं, म्हणून स्वतःकडे बघायला फुरसत नव्हती. चूक माझ्या गृहपाठात होती. मी तिला प्रश्न विचारायला पाठवलं होतं, प्रश्न न देता. त्या दिवसापासून मी कुणालाही "लोकांशी बोलून ये" असं सांगत नाही. आधी विचारते, तुला काय जाणून घ्यायचंय?

म्हणून या वाटेवरच्या मुलांना सांगते, धीटपणा येण्याची वाट बघू नका. पत्रकारितेला वकिलीसारखी सनद लागत नाही, कुतूहल मात्र लागतं. शिक्षण जरूर घ्या. नाशकात एचपीटी महाविद्यालय आहे, नोकरी सांभाळून शिकायचं तर मुक्त विद्यापीठ आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला आयआयएमसीचा, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेचा मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे. पण प्रवेश मिळेपर्यंत रिकामे बसू नका. वाचनालयात जाऊन एकच बातमी तीन वर्तमानपत्रांत वाचा आणि बातमीदाराने कुणाला विचारलं नाही, ते शोधा. तोंडी विचारायला जड जात असेल तर कागदावर विचारा. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने 10 रुपयांत अर्ज करता येतो आणि साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भिडस्त माणसासाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

तिने स्वतःचा प्रश्न स्वतः निवडला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरीतला दुतोंड्या मारुती, नाशिककरांची पूर मोजायची खूण, किती बुडाला, हे सगळे छापतात. गोदाघाटावर बुधवारी बाजार मांडणाऱ्यांना पाणी येतंय हे आधी कोण सांगतं? पहिल्या बुधवारी ती मेथीची जुडी घेऊन परत आली. दुसऱ्या बुधवारी भाजीवाल्या मावशींजवळ गोणपाटावर बसली. वहीची चार पानं भरली होती: भोंगा कधी वाजतो, टोपल्या आधी उचलायच्या की ताडपत्री, कुणाचा वजनकाटा वाहून गेला.

वही मी वाचत होते आणि ती खुर्चीच्या काठावर बसून चुळबुळ करत होती.

"मॅडम, मावशींचं वय आणि गाव लिहायचं राहिलं."

भेटीची वेळ संपायला अजून वीस मिनिटं होती. पण बुधवार होता, आणि बाजार उठायच्या आत तिला घाटावर पोचायचं होतं. बाहेर नाना चप्पल घालून तयार होते.